ब्रीदरमधला बोळा

"तीनदा सील बदललंस, तरी तेल गळतंय ते गळतंयच! मेकॅनिक म्हणवतोस काय रे?" म्हणत रूपेशने हातातला पाना विनायकच्या तोंडावर हाणला आणि खाली फेकून दिला. बहिणीचा नवरा पडला, म्हणून विनायकने हात उगारला नाही. ओठाचं रक्त बाहीला पुसून तो पुन्हा बॉनेटखाली वाकला. गॅरेजमागच्या घरात आई जावयासाठी कोंबडी-वडे करत होती. बहीण अक्षया गाडीतच बसून होती, ओढणी मानेभोवती घट्ट गुंडाळून, दर खेपेसारखीच.

या खेपेला त्याने ब्रीदरचा पाइप उपसला. इंजिनातली वाफ बाहेर पडते ती याच वाटेने. ती वाट बुजली की आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर रेटतो. हे बाबांनी लहानपणी दोघा भावंडांना सावर्ड्यातल्या याच गॅरेजात शिकवलेलं. पाइपात चिंधीचा बोळा होता, बोटाने नीट ठासलेला. त्याने तो उलगडला. तेलाने काळवंडला होता, तरी जरीचा काठ ओळखू आला. भाऊबीजेला त्यानेच अक्षयाला ओवाळणीत घातलेली साडी.

तीनदा ती त्याला हाक मारून गेली होती, आणि तीनदा त्याने नवं सील बसवून तिला नवऱ्याबरोबर हसत पाठवून दिलं होतं.

"अक्षये, तू घरात जा," खाली पडलेला पाना उचलत तो म्हणाला. "आईला सांग, जावयाचं पान वाढू नको."