बटणावरची दारं

चालत्या पिकअपचं दार अण्णांनी घाटात उघडलं, तेव्हापासून शैलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. भान हरपत चाललेल्या वडिलांना घरी एकटं ठेवता येईना आणि भाजीची फेरीही टाळता येईना.

“दारं, काचा, सगळं बटणावर? एवढ्या जुन्या गाडीला?” गॅरेजात इनामदार मेस्त्रींनी विचारलं.

“हो, आणि बटणं फक्त माझ्याकडे ठेवा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं दारं लॉक केली. अण्णा हँडल ओढत राहिले, मग काचेवर थापा मारू लागले. “पोरी, मला कोंडलंस का गं?”

शैलानं गाडी बाजूला घेतली आणि त्यांच्याकडची काच खाली केली. अण्णांनी वाऱ्यात हात धरला.

“चल आता. भाजी सुकेल,” ते म्हणाले.

दारं तशीच लॉक ठेवून तिनं गाडी काढली.