म्हातारीपायी बारा वेळा

“वाच,” मास्तरीण म्हणाली. “आणि मधलं काही गाळू नकोस. गाळलंस की तुझ्या तोंडावर दिसतं.”

काजवालीने हातातला कोट मांडीवर ठेवला आणि मोबाइल नाकाशी धरला. वीस वर्षं ती मास्तरणीच्या या शिवणकामाच्या दुकानात काज आणि बटणं करत होती. तिचं खरं नाव कोणी घेतच नसे. आज काज राहिले बाजूला. मास्तरणीच्या मुलाने बनवलेल्या कॉम्प्युटरवरच्या खेळाबद्दल खेळणाऱ्यांनी काय काय लिहिलंय, ते ती वाचून दाखवणार होती. मास्तरीण ती कापड बेतण्यातली; शाळा चौथीपर्यंतच. वाचता येत नाही असं नव्हतं. मोबाइलची अक्षरंच बारीक असतात, असं ती सांगे.

दारात तिची थोरली मुलगी उभी होती, भावाचा निरोप घेऊन आलेली. आई हो म्हणाली तर रविवारी येतो. नाही म्हणाली तर पुन्हा विचारणार नाही.

“आई, तो तिकडे फोन हातात घेऊन बसलाय. हो की नाही, एवढंच सांग.”

“चार वर्षं बसला ना? अजून अर्धा तास बसला तर झिजणार नाही.”

चार वर्षांपूर्वी त्याने गिऱ्हाइकाच्या कोटाच्या कापडावर खडूने डोंगर, नद्या, किल्ले काढले होते. मापं टाकायची सोडून राज्यं वसवली होती. मास्तरणीने घाईघाईत बाहीची रेघ समजून नदी कापली. कात्री तिची, हात तिचा. पण सगळ्या दुकानासमोर बोलणी खाल्ली पोराने. “जा, त्या नकाशातच राहायला जा!” म्हणाली ती. पोरगाही तिचाच. गेला.

खेळाची बातमी समोरच्या पडदेवाल्याने दिली होती. “बाई, माझ्या पोरी दिवसभर तोच खेळत असतात. त्यात एक म्हातारी आहे, हुबेहूब तुम्ही! तोच गुडघा, तीच कात्री, तेच तोंड.” वर हसलाही मेला. तेव्हापासून ती एकच गोष्ट घोकत होती. पोराने आपल्याला जगापुढे मांडलंय. पण कशी मांडलीय? दुकानातल्या तिघींपैकी एकीनेही तो खेळ डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

“‘म्हातारीने वैताग आणला,’” काजवाली वाचू लागली. “‘चालते गोगलगायीसारखी. दर चार पायऱ्यांवर गुडघा धरून बसते.’”

“बसेन! गुडघा माझा आहे, याच्या बापाचं काय जातं? पुढे.”

“‘पुलावर बारा वेळा मेलो, तो या म्हातारीपायी. ढिम्म हलत नाही.’”

“बारा वेळा?” मास्तरीण क्षणभर सुखावली. “मग तेराव्यांदा गेला कशाला, मुडदा?”

थोरलीला हसू आवरेना. आईने डोळे वटारले.

“‘राजासमोरही जिभेला हाड नाही. भर दरबारात त्याला म्हणते, तुझी बगलेतली शिवण उसवलीय.’”

“उसवली असेल तर सांगायला नको? राजा झाला म्हणून काय तसाच हिंडेल?”

“‘नुसत्या कात्रीने सोळा जण आडवे केले. अंगावर काटा आला.’”

“तलवार नाही सुचली त्याला. कात्रीच दिली हातात,” मास्तरीण म्हणाली, पण आता आवाजातला जोर गेला होता. “पुढे वाच.”

काजवाली थांबली.

“वाच म्हटलं ना.”

“‘ते माफीचं बटण तरी काढून टाका. शंभरदा दाबून झालं. दाबलं रे दाबलं की म्हातारी तोंड फिरवते.’”

मास्तरणीने गळ्यातली मापाची पट्टी काढली, बोटाला गुंडाळली, परत सोडली.

“पहिल्या वर्षी तीन फोन आले होते त्याचे,” ती म्हणाली. “मी उचलले नाहीत.”

“मला कधी बोलली नाहीस,” थोरली म्हणाली.

“काय बोलायचं? पराक्रम होता का तो?” मग काजवालीकडे न बघताच तिने विचारलं, “शेवटी मारतात का गं मला?”

“तेवढं कोणी लिहिलेलं नाही. शेवट फोडू नका म्हणून सगळे एकमेकांना दटावतात.”

“मारतच असणार. राक्षसीण केलीय माझी, आणि खोटं काय केलंय त्याने? त्याच्या मनातलं विष उतरलं असेल तर उतरू दे बापड्याच्या.” तिने नाक पुसलं. “पण रविवारी तो दारात आला आणि मी पुन्हा तोंड फिरवलं तर? माझ्या जिभेचा मलाच भरवसा नाही. दुसऱ्यांदा नाही सोसायचं त्याला. लाव फोन. सांग, येऊ नकोस. आहेस तिथे सुखात राहा म्हणावं.”

“आई...”

“लाव म्हणते ना!”

थोरलीने फोन कानाला लावला. पलीकडे रिंग जाऊ लागली.

काजवालीचा अंगठा अजून मोबाइलवर फिरत होता. “बाई, एक राहिलंय. मोठं आहे जरा.”

“वाचून टाक तेही. इतकी ऐकली, त्यात आणखी एक.”

“‘काल खेळ संपवला. शेवट सांगत नाही,’” काजवाली सावकाश वाचू लागली. “‘आजवर प्रत्येक खेळात मी कधी राजपुत्र झालो, कधी योद्धा. या खेळात मात्र पहिल्या पावलापासून मीच ती म्हातारी होतो, आणि दुखरा गुडघा घेऊन सात डोंगरांपलीकडे माझ्या घर सोडून गेलेल्या पोराला शोधत होतो.’”