बारवरचा पाय

सर्जेराव मामांनी बारवर पाय ठेवला, तेव्हा दीक्षा बाकड्याला पाठ टेकून जमिनीवर बसलेली होती. वजन उचलायचा लोखंडी बार तिच्या पायांशी होता. दोन्ही बाजूंना प्लेटा चढवून झाल्या होत्या.

“हे बंद,” मामा म्हणाले. “बैठका मारा, स्क्वॉट मारा, उड्या मारा. हे असलं हितं चालायचं न्हाई.”

भांडगावच्या तालमीमागचं हे पटांगण. तालमीची किल्ली मामांच्या करदोट्याला. बार, प्लेटा, बाकडं, सगळं तालमीचं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींना ते सकाळी वापरायला मिळतं, ही मामांची मेहरबानी. असं मामाच सांगतात.

‘हे असलं’ म्हणजे काय, ते बोलून दाखवायला मामांची जीभ रेटेना. व्यायाम साधा आहे. पाठ बाकड्याला टेकवायची, बार ओटीपोटावर घ्यायचा, टाचा रोवायच्या आणि वजनासकट कंबर वर उचलायची. पोरींची तयारी करून घेणाऱ्या अंकिता मॅडम त्याला हिप थ्रस्ट म्हणतात. कुंपणाच्या भिंतीवर चहा पीत बसणारे बाप्ये त्याला भलतंच काहीतरी म्हणतात आणि हसतात. भिंतीवर बसून पोरी न्याहाळणाऱ्यांना गावात कुणी जाब विचारत नाही. पोरींनी काय करायचं, ते मात्र त्यांच्या हसण्यावरून ठरतं. लाज ही गावानं पोरींच्याच कमरेला बांधून ठेवलेली वस्तू आहे.

मॅडमनी दिवाळीपासून पोरींचे दोन गट केले होते. एका गटाला नुसते स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठका. दुसऱ्याला स्क्वॉट कमी आणि हे जास्त. स्क्वॉटवाल्यांची उडी वाढली, गोळाही लांब जायला लागला. पण शंभर मीटरला दुसरा गट पुढे निघाला. दीक्षा त्या गटात. गेल्या भरतीत शंभर मीटरनंच तिला एका मार्कानं घरी पाठवलं होतं. शेवटच्या टप्प्यात पाय जमिनीला मागं रेटतच नव्हते. आता रेटत होते. भरती तोंडावर आली होती, आणि बारवर मामांचा पाय होता.

“मामा, दोन्हीचं काम वेगळं आहे,” अंकिता मॅडम म्हणाल्या. “स्क्वॉटनं मांडी भरते. पण पळताना मागून जो रेटा लागतो, तो...”

“मॅडम, मला कसरत शिकवू नका. मी मातीत वाढलोय. आमच्या पोरी उताण्या पडून असलं करत न्हाईत.”

‘आमच्या’ म्हणताना त्यांनी दीक्षाकडे बघितलं. दीक्षाचं घर विहाराच्या बाजूला. गावात कुणाच्या पोरी ‘आमच्या’ असतात आणि कुणाच्या नसतात, ते तिला शाळेआधीपासून पाठ होतं. मामांची सख्खी पुतणी समृद्धी त्याच गटात होती. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिली. नाडी बांधलेलीच होती.

“उठा, दीक्षाबाई,” भिंतीवरून आवाज आला. “दळण टाकायचं राहिलंय घरी.”

दीक्षा उठली नाही.

“बरं, मामा,” ती म्हणाली. “तालीम तुमची. पण एवढं सांगा. ती वडगाव रासाईची कुस्ती. त्या दिवशी तुमी चितपट कसं झाला न्हाईत?”

“ते आता कुठं काढलंस?”

“आम्हालाबी हरायचं न्हाई, म्हणून इचारते.”

भिंतीवरचे एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. पोरगी नरमली. लोणी लावतेय. मामांनी मिशीवरून हात फिरवला. ही कुस्ती त्यांनी गावातल्या प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक निवडणुकीत सांगितली होती. कुणी विचारलं की त्यांना राहवायचं नाही.

“सगळा तालुका लोटला होता,” मामा म्हणाले. “बायाबापड्यासुदीक टेकाडावर बसल्या होत्या. माझ्या अंगावर लंगोट तेवढा. आन् त्यो गडी म्हंजी नुसता रेडा. त्यानं मला खाली घेतला, उताणा केला आन् छातीवर पडला. खांदे टेकायला बोटभर राहिलं. लोक म्हणले, गेला सर्ज्या. मी म्हणलं, न्हाई. डोकं मातीत रोवलं. टाचा रोवल्या. आन् त्या रेड्याच्या वजनासकट कंबर...”

मामा थांबले.

भिंतीवर कुणीतरी ओठांपर्यंत नेलेला चहाचा कप तसाच धरून राहिलं. समृद्धीनं हातातली नाडी सोडली आणि मान वर केली.

“पुढचं मी करून दाखवते, मामा,” दीक्षा म्हणाली. “पाय काढा.”