हरेल त्याने रांधायचं

"सकाळी दहाला कोणी फुटबॉल खेळतं का? माणसाने खायचं कधी आणि हरायचं कधी?" शेगडीवरचे सॉसेज उलटता उलटता मर्ल पुटपुटला.

"टीव्हीवाल्यांना विचार," घडीच्या खुर्चीत पाय पसरून बसलेली ग्वेन म्हणाली. "न्यूयॉर्कला आत्ता दुपारचा एक. तिथल्या लोकांचं जेवण झालं की त्यांना आपला सामना लागतो. आणि कांदे करपतायत तुझे."

मर्लच्या डोक्यावर जांभळी टोपी होती आणि पोटावर हिरवा एप्रन. टोपी त्याची स्वतःची. एप्रन गेल्या वर्षीच्या पराभवाचा.

मर्ल जांभळ्यांचा, ग्वेन हिरव्यांची. दोन गावं, दोन विद्यापीठं, मध्ये एक डोंगररांग आणि पाच तासांचा रस्ता. दर नोव्हेंबरात एकदा गाठ पडायची. मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये ट्रकला ट्रक लावायचा, शेगडी पेटवायची आणि सामना संपेपर्यंत एकमेकांची उणीदुणी काढायची. नियम एकच होता, ग्वेनच्या नवऱ्याने, डेलने, घालून दिलेला. ज्याचा संघ हरेल त्याने पुढच्या वर्षी रांधायचं, तेही जिंकणाऱ्याच्या रंगाचा एप्रन बांधून. डेल गेला, नियम राहिला. मर्लची बायको तर त्याच्याही आधी टायरचं दुकान आणि मर्ल, दोघांनाही सोडून ॲरिझोनाला निघून गेली होती. तो विषय कोणी काढत नसे.

या वर्षी न काढायचा विषय आणखी एक होता. हिरव्यांचं विद्यापीठ सामन्यांचा जुना गट सोडून दुसऱ्या, श्रीमंत विद्यापीठांच्या गटात चाललं होतं. तिथे म्हणे टीव्हीचा पैसा पोत्यांनी येतो. जांभळ्यांना तिथे कोणी बोलावलं नव्हतं, आणि हिरव्यांच्या नव्या वेळापत्रकात त्यांच्यासाठी एक शनिवारही उरला नव्हता. हा सामना शेवटचा, हे अख्ख्या पार्किंगला ठाऊक होतं. जो तो मोहरीची चटणी कुठे ठेवलीय तेवढंच विचारत होता.

"तुमची पोरं आता खेळायला देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीला जाणार," मर्ल म्हणाला. "पदवी विमानातच घेतील."

"विमानात निदान पुस्तक तरी उघडतील. तुमच्या गटात उरले किती रे संघ?"

"दोन."

"मग बरंय की. तुमचा दुसरा नंबर कुठे जात नाही."

ग्वेनची मुलगी टेस फिस्सकन हसली. मर्लने तिच्या बशीत सगळ्यात जास्त करपलेला सॉसेज वाढला.

तिकिटं आता त्यांच्या आवाक्यातली राहिली नव्हती. म्हणून ट्रकच्या मागच्या फळीवर टीव्ही मांडून, मैदानाच्या भिंतीला पाठ लावून, ते सामना बघत होते. यात एक गंमत होती. मैदानातला आरडाओरडा भिंतीवरून आधी यायचा आणि चित्र मागाहून. एवढा पैसा ओतून खेळ विकत घेतला, तरी टीव्ही बिचारा मैदानाच्या मागेच धावत होता.

शेवटचे काही क्षण उरले. हिरवे दोन गुणांनी पुढे. चेंडू जांभळ्यांकडे. मैदानाच्या टोकाला उभ्या दोन खांबांच्या मधून लाथाडला तर तीन गुण आणि सामना त्यांचा. लांबून मारायचा होता, वाराही उलटा.

टेसने आईकडे पाहिलं. ग्वेनने डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. चर्चमध्ये न जाणारी बाई ही. पलीकडे मर्ल चिमटा छातीशी धरून पडद्यावरच्या आपल्याच खेळाडूला हळूच सांगत होता, "चूक रे बाबा. चूक, एवढी एक चूक."

पडद्यावर खेळाडू अजून रांगेतच उभे होते. तेवढ्यात भिंतीपलीकडून हजारो हिरव्यांचा एकच लांब उसासा आला, टायर बसावा तसा.

"हरलो!" ग्वेन खुर्चीतून उडालीच. "हरलो गं टेस, हरलो!"

"आई, हळू. लोक बघतायत."

मर्ल बर्फाच्या पेटीवर मटकन बसला. "जिंकलो," तो म्हणाला, दुकानाला आग लागल्याची बातमी द्यावी तसा.

"तर पुढच्या वर्षी रांधायचं मी," ग्वेन बोलत सुटली. "मीच येते तुझ्याकडे. रताळी आणते, घेवडा आणते, मांस तू बघ. नाही, मांसही मीच आणते, तुझा खाटीक चोर आहे. जांभळा एप्रन मोठा बघ, गेल्या वेळचा पाठीवर बांधलाच जात नव्हता. टेस, तूही येशील. नाहीतर नको येऊस, तुझी कामं असतात. घाटात बर्फ असेल, पण मी शाळेची बस चालवलीय तीस वर्षं, मला..."

"ग्वेन."

"मला घाटाचं काही वाटत नाही..."

"ग्वेन, पुढच्या वर्षी सामना नाहीये."

पडद्यावर चेंडू आत्ता कुठे खांबांमधून गेला. कोणी तिकडे पाहिलं नाही. ग्वेन खाली बसली आणि मांडीवरचे पावाचे कण एकेक करून झटकू लागली.

"माहितेय मला," ती म्हणाली. "वेळापत्रक मीही वाचलंय."

मर्लने शेगडी विझवली. एप्रनची गाठ सोडायला त्याला बराच वेळ लागला. टोपीखालचे त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"मग सामनाच नाही, तर वर्षभर थांबायचं कशाला?"