चंद्राबाईंचे पाहुणे

“काकी, एक नारळ पुरेल की दुसरा फोडू?” विळीवर खोबरं खवता खवता धम्मदीपनं विचारलं.

“फोड की दुसरा. पाहुण्यांसमोर हात आखडायचा न्हाय,” चंद्राबाई म्हणाली.

ओटीवर उभा असलेला तिचा मुलगा निकेत हे ऐकत होता. पाहुणे अकराला येणार होते. काल फराळाची ताटली पुढं सरकवताना आई सहज बोलली होती, “उद्या घर बघायला माणसं येणार हायत. नवा सदरा घाल.” घर कोण बघायला येतं, ते निकेतला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुलींचे फोटो यायचे चार वर्षांपूर्वी बंद झाले, तेव्हा त्यानं मनातल्या मनात सत्यनारायण घातला होता. आता अडतिसाव्या वर्षी आईनं पुन्हा उचल खाल्ली. आणि पोह्यांचं खोबरं खवायला तिला सापडला कोण, तर धम्मदीप!

बारा वर्षांपूर्वी, अशाच दिवाळीच्या सुट्टीत, धम्मदीप पहिल्यांदा किहीमला आला. नवरा गेल्यावर चंद्राबाईनं नारळीच्या वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती. त्यातल्या एकीत तो कंपनीतल्या मित्रांबरोबर चार दिवस उतरला. मित्र गेले, हा मागं राहिला. पाचव्या दिवशी निकेत त्याला मोटरसायकलवरून रेवसला सोडायला गेला. धक्क्यावर दोघं वडापाव खात बसले आणि समोरून भाऊच्या धक्क्याची लाँच सुटली. दुसऱ्या दिवशीही चुकली. तिसऱ्या दिवशी तर ती सुटताना दोघांनी हात हलवून तिला निरोप दिला. चंद्राबाईनं तिन्ही दिवस काही न विचारता भात वाढवून लावला.

काय दिवस होते ते! अजूनही कुणी रेवसचं नाव काढलं की निकेतच्या जिभेवर तो वडापाव यायचा. पुढं दोघं पनवेलला एकत्र राहू लागले. धम्मदीप दर दिवाळीला किहीमला यायचा, निकेतचा ‘रूम पार्टनर’ म्हणून.

धम्मदीपनं स्वतःच्या घरी मात्र सहा वर्षांपूर्वीच सगळं सांगून टाकलं. वडिलांनी दार दाखवलं. तेव्हापासून त्या घरातून ना फोन आला, ना निरोप. सणासुदीला तो मोबाइल उलटा करून ठेवायचा, ते निकेत बघत आला होता. खरं बोलण्याची किंमत त्यानं जवळून पाहिली होती आणि म्हणूनच त्याची जीभ रेटत नव्हती.

आज सकाळी विहिरीपाशी धम्मदीपनं विचारलं होतं, “काकींना सांगितलंस?”

“आज सांगतो.”

“हे मी दर दिवाळीला ऐकतो, निकेत. आज कुणाची तरी लेक नटून येणार. तिच्यासमोर तू पोहे खात बसलास, तर पुढच्या दिवाळीला मी इथं नसेन. पनवेललाही नसेन.” एवढं बोलून तो आत गेला आणि मुकाट्यानं विळीवर बसला.

निकेत स्वयंपाकघरात शिरला तेव्हा धम्मदीप मागीलदारी नारळ फोडत होता. आई फोडणी करत होती.

“आई, कोण माणसं आहेत ही?”

“चांगली हायत. बाप जरा ताठ हाय. मे महिन्यापासून मी दोनदा एसटीनं गेले, तवा कुठं ‘येतो’ बोलला.”

देवाला जाते, असं आई दोनदा फोनवर बोलली होती. तो देव हा होता तर!

“जातपात न्हाय बघितली मी,” ती पुढं म्हणाली. “लेकरू बघितलं. गुणाचं हाय.”

दहा वर्षांपूर्वी हीच बाई आगऱ्यांचीच सून हवी म्हणून हटून बसली होती. मुलाचं वय वाढलं की अटी गळतात, हे निकेतला कळत होतं. त्याला तिची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

“आई, मी लग्नाला उभा राहणार नाही,” निकेत घाईनं म्हणाला. “मी आणि धम्मदीप नुसते खोली वाटून राहत नाही. बारा वर्षं मला तोच पाहिजे आहे. आणि तूही पाहिजेस.”

चंद्राबाईचा उलथण्यावरचा हात थांबला. तिनं मान वर केली नाही.

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “जा, फाटक उघड. माणसं उन्हात उभी हायत.”

निकेतला रडू कोसळेल असं वाटलं. ऐकलं, तरी आईचं पाऊल मागं सरलं नव्हतं. आता त्या मुलीची हात जोडून माफी मागायची आणि जे होईल ते भोगायचं, असं ठरवून तो फाटकाकडं गेला.

रिक्षातून पांढऱ्या सदऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ उतरले. मागून मिठाईचा पुडा छातीशी धरलेल्या बाई उतरल्या. निकेतनं रिक्षात वाकून पाहिलं. आत आणखी कुणीच नव्हतं.

“या मास्तर, या ताई,” ओटीवरून चंद्राबाईनं हाक दिली. “हा माझा निकेत.” मग ती घराकडं वळून ओरडली, “धम्मा, पोहे आण रं!”

पाहुणे ओटीवर टेकले. धम्मदीप बश्यांचा ट्रे घेऊन दारात आला आणि तिथंच थिजला.

“आई,” तो पाहुण्या बाईंना म्हणाला, “तू इथं कशी?”

बाईंनी पदरानं डोळे पुसले. मग निकेतला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं.

“मुलगा बघायला आलो,” त्या म्हणाल्या.