भीती काढलेली पारवी

जगात फक्त याच बेटावर असलेली रानपारवी नुसती नजरेस पडावी म्हणून केळुसकरबाईंनी जळवांच्या चिखलात पालथं पडून उमेदीची वर्षं घालवली होती. आता तीच पारवी रिसॉर्टच्या टेबलावर नाचून पाहुण्यांकडे वेफर्स मागत होती.

“जनुकांतली भीतीच काढून टाकली, बाई! पाहुणे हात हलवत परत जायचे हो,” मॅनेजर ढवण फुशारकीनं म्हणाला.

“तिची भीती काढलीत आणि स्वतःची लाज सोडलीत.”

सेल्फी काढत खिदळणाऱ्या त्या बावळट घोळक्याकडे बाईंनी बघितलं. मग वाकून दगड उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा पाखरावर भिरकावला.

“उड, मेले, उड!”

दगड टेबलावर आपटला. पाहुणे किंचाळले. पारवी तुरुतुरु दगडाजवळ गेली आणि खायचा आहे का, म्हणून चोच मारून बघू लागली.