न गळणारा नळ

आमचे हे प्लंबर. गावभरचे नळ दुरुस्त करतात आणि आमच्या स्वयंपाकघरातला नळ मात्र दिवसरात्र टपटपतो. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

"अगं, काल केला की," हे रोज सकाळी म्हणतात. "नवा वायसर टाकला. तू शेजारी उभी होतीस, चहा दिलास."

"अहो, ते स्वप्नात!"

मग हे बोटांना लागलेला गंज बघत बसतात आणि वर मलाच विचारतात, "नक्की?" डोक्याला नुसता ताप!

आज उठून चहा टाकला आणि थबकले. नळ गळत नव्हता. खाली बोट धरून पाहिलं, थेंब नाही. एकदाचं सुचलं म्हणायचं! कप घेऊन खोलीत गेले.

"अहो, केलात ना शेवटी?"

हे पलंगावर उठून बसले होते, हातात पाना. ओठांवर बोट ठेवून कुजबुजले, "हळू बोल. ती उठेल."

"आता ही कोण आणखी?"

त्यांनी नजरेनंच दाखवलं. माझ्या जागी, माझी चादर ओढून, भिंतीकडे तोंड करून कोणीतरी झोपलं होतं. उशीवर वेणी माझीच होती.

"अहो!" मी ओरडलेच.

चादर हलली. आणि स्वयंपाकघरात टपकन एक थेंब पडला.